अडीच किलो हवा

माझ्या मते समुद्राच्या तळाशी जायला माणसाला तीन गोष्टी लागतात: पोटरीला बांधलेला सुरा, लालभडक फिन्स आणि हे दोन्ही बघायला कुणीतरी. बाकीचं सामान तपशिलात मोडतं. दुर्दैवाने या तिन्ही गोष्टी तपासायला घेतल्या की एकेक गळून पडते. सुऱ्याची हौस १९६५ सालच्या ‘थंडरबॉल’ या सिनेमाची, त्यात माणसं पाण्याखाली एकमेकांच्या जिवावर उठलेली असतात. माझ्या हवेच्या नळीवर कुणी टपलेलं नाही, आणि ज्यांचं माझ्याशी वैर आहे त्यांतल्या बहुतेकांना पोहता येत नाही. आपल्या किनाऱ्यावर धोका असलाच तर तळाशी पडलेल्या तुटक्या जाळ्यात पाय अडकण्याचा, आणि त्याला मुठीत मावणारं छोटं पातं पुरतं. फिन्सचं म्हणाल तर उजेडातला लाल रंग पाणी सगळ्यात आधी गिळतं. दहाएक मीटरवर लालभडक फिन्स मातकट करड्या दिसतात. म्हणजे रंगाचे पैसे दुकानात मोजायचे आणि मिरवायची वेळ आली की डबक्यातल्या म्हशीच्या रंगाचं व्हायचं. उरला प्रेक्षक. मास्कच्या काचेतून पाण्यातली प्रत्येक वस्तू साधारण एक तृतीयांशाने मोठी दिसते. माझ्या अंगभूत थोरवीला निसर्गाने दिलेला हा एकमेव दुजोरा. पण तोच नियम माझ्या पोटालाही लागू आहे.

तेव्हा ज्याला स्कूबा नीट आणि परवडेल असं करायचंय, त्याने दुकानात शिरण्याआधी स्वतःच्या श्वासाचा हिशेब मांडावा, हे माझं म्हणणं. पाठीवरच्या नळकांड्याला आपण सर्रास ‘ऑक्सिजनचा सिलिंडर’ म्हणतो. त्यात निव्वळ ऑक्सिजन असता तर सहा मीटरच्या खाली तो विषासारखा भिनला असता. आत असते साधी हवा, तुमच्याआमच्या गल्लीतलीच; फक्त गाळून, कोरडी करून दोनशेपट दाबलेली. नेहमीच्या अॅल्युमिनियमच्या सिलिंडरची पोकळी ११ लिटर, म्हणजे हवा झाली २,२०० लिटर. तिचं वजन भरतं अडीच किलोच्या आसपास. वर येईपर्यंत चौथा हिस्सा शिल्लक ठेवायचा, म्हणून वापरायला १,६५० लिटर. दर दहा मीटरला एक वातावरणाइतका दाब वाढतो, तेव्हा १५ मीटरवर प्रत्येक श्वासाला अडीचपट हवा खर्च होते. हातपाय झाडणारा भेदरलेला माणूस मिनिटाला ३० लिटर हवा ओढतो असं धरा; खाली त्याचे ७५ होतात आणि २२ मिनिटांत खेळ आटोपतो. शांत माणूस १५ लिटरवर भागवतो. त्याला तेवढीच हवा ४४ मिनिटं पुरते. बोट तीच, भाडं तेच, मासे तेच. एकाला मिनिट दुप्पट महाग पडलं. निम्म्या किमतीची एवढी खरी सवलत दिवाळीच्या सेलमध्येसुद्धा मिळत नाही.

या अडीच किलोंचा आणखी एक उपद्रव आहे. हवा संपत आली की सिलिंडर तेवढा हलका होतो आणि माणूस बुचासारखा वर यायला बघतो, म्हणून कमरेला शिसं बांधतात. नवशिका भीतीपोटी दोन तुकडे जास्त बांधतो. मग तो बुडायला लागतो, म्हणून अंगातल्या जाकिटात हवा भरतो. फुगलेलं जाकीट पाण्यातून ढकलायला जोर लागतो, जोर केला की धाप लागते, धाप लागली की हवा संपते. आमटी खारट झाली म्हणून पाणी घातलं, पातळ झाली म्हणून बेसन लावलं आणि शेवटी चार माणसांच्या घरात वीस जणांची खारट आमटी उरली, तसाच प्रकार. यावरचा उपाय फुकट आहे. सिलिंडर जवळजवळ रिकामा असताना, जाकीट मोकळं करून, नेहमीएवढा श्वास घेऊन पाण्यात उभं राहायचं. पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं की वजन बरोबर. नंतरची विद्या म्हणजे हात न हलवता, तळाला न टेकता, वर न जाता नुसतं तरंगत राहणं. काहीही न करता जागच्या जागी लटकून राहण्याची कला कोरड्या जमिनीवर मी वर्षानुवर्षं जोपासली आहे. पाण्यात मात्र ती शिकावी लागते, आणि शिकवणीची फी द्यावी ती इथे. पोहण्याचा दम कमवायला नगरपालिकेचा तलाव पुरतो. ‘ओपन वॉटर’ या पहिल्या पायरीच्या कोर्सला लागणारं २०० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं तिथल्या पासात बसतं. माझी नजर अर्थात आंग्रिया बँकेवर आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं हे बुडालेलं पठार. त्याचा माथाच सुमारे २० मीटर खोल आणि ओपन वॉटरच्या दाखल्याची हद्द १८ मीटर. आरमाराच्या दारात मला दोन मीटर आधीच अडवणार.

बाकी सगळं भाड्याने घ्यावं, पण मास्क स्वतःचा असावा. त्याची परीक्षा सोपी आहे: पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवायचा, नाकाने हलका श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचे, चिकटून राहिला तर तो आपला. मिशीवाल्यांनी दोनदा तपासावं. मिशीला पीळ असेल तर मास्कला पाझर असतो. आता काचेवरच्या धुक्याचा प्रश्न. त्यासाठी बाटलीतली औषधं मिळतात, पण मुरलेला पाणबुड्या आजही मास्कमध्ये थुंकतो, बोटाने सारवतो आणि पाण्याने विसळतो. धुकं म्हणजे बारीक थेंब. लाळेमुळे त्यांना गोल राहता येत नाही, ते काचेवर पसरतात आणि आरपार दिसायला लागतं. हे वाचून माझा राष्ट्राभिमान जागा झाला. ज्या देशात जिन्यांच्या कोपऱ्यांत देवादिकांच्या फरशा बसवून माणसांना आवरावं लागतं, जिथे ‘येथे थुंकू नये’ ही पाटी स्वतःच रंगलेली असते, तिथलं हे कसब आजवर किती वाया गेलं! एसटीच्या खिडकीतून, धावत्या रिक्षातून, वाऱ्याचा अंदाज घेत आपण जी साधना केली, ती नुसती सराव म्हणून होती. आपल्या भाषेनेही या द्रव्याची उपेक्षाच केली. ते झेलणारा लाचार ठरतो, ते चाटणारा शब्द फिरवणारा ठरतो. पानतंबाखूवाल्यांनी मात्र मास्कच्या बाबतीत संयम पाळावा. लाल रंग खोल गेल्यावर दिसत नाही हे खरं असलं, तरी किनाऱ्यावर तो दिसतो. विषयांतर झालं असं वाटेल, पण मुद्दा इथेच आहे. भाड्याच्या मास्कमध्ये आपल्याआधी किती जणांनी विधी उरकलेला असतो याला गणती नाही. दुसऱ्याची थुंकी झेलायची नसेल, तर मास्क विकत घ्यावा.

यावर कुणी म्हणेल, स्वतःचं सामान अंगवळणी पडलेलं असतं, म्हणून जास्त सुरक्षित. बरोबर आहे, वर्षाला वीस-तीस बुड्या मारणाऱ्याने जरूर घ्यावं, जाकीट आणि फिन्स वापरलेल्याही चालतील. पण सिलिंडरमधली हवा तोंडाशी पोचवणारा रेग्युलेटर घ्यायचा तर त्याची नियमित सर्व्हिसिंग आली. मे महिन्याच्या सुट्टीपुरतं समुद्रप्रेम असणाऱ्या माझ्यासारख्याने तो घेणं म्हणजे वरातीपुरता घोडा पाळणं. शिवाय काटकसर या यंत्राच्या रक्तातच आहे. १९४३ साली कुस्तो आणि गान्यां यांनी ते घडवलं, तेव्हा त्यातली झडप युद्धकाळात पेट्रोलऐवजी गॅसवर मोटार चालवण्याच्या खटपटीतून आली होती. दुसरा आक्षेप, यूट्यूबवर सगळं फुकट असताना मास्तर कशाला? कारण व्हिडिओ आपल्याला दिसतो, आपण व्हिडिओला दिसत नाही. तिसरा आक्षेप आपल्याकडचा खास: आम्ही रोज प्राणायाम करतो, आम्हाला श्वास काय शिकवता? पूरक आणि रेचक उत्तम, पण कुंभक पाण्याखाली वर्ज्य. दहा मीटरवर भरून घेतलेली छाती तशीच रोखून वर आलं, तर आतली हवा दुप्पट व्हायला बघते. फुप्फुसं दुप्पट होत नाहीत, ती फाटतात. इथे विनोद संपतो.

आणि संपलाच आहे तर आणखी एक सांगतो. मालवणच्या पाण्यात हौशी पर्यटकाला खाली नेणारा मुलगा एका हाताने त्याचं जाकीट धरतो. त्याची हवा तो बघतो, त्याचं वजन तो सांभाळतो, त्याने भीतीने झाडलेल्या लाथा तो खातो. आपण ‘स्कूबा केलं’ म्हणतो ते त्याने केलेलं असतं. आपण फक्त फोटोत असतो. वर आल्यावर त्याच्याच मालकाशी दोनशे रुपयांसाठी घासाघीस होते आणि व्हिडिओचे पैसे मुकाट्याने दिले जातात. हा राग मला इतरांचा कमी आणि स्वतःचा जास्त येतो, कारण सुऱ्याची किंमत विचारणाऱ्या माझ्या तोंडून एका मार्गदर्शकामागे किती माणसं, हा प्रश्न आधी निघत नाही. स्वस्ताई बहुधा त्याच आकड्यातून काढलेली असते. मालवणचा समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे. तिथलं प्रवाळ वर्षाला मिलिमीटर-सेंटिमीटरच्या हिशेबाने वाढतं, आणि शिसं जास्त झालेला एक माणूस ते एका गुडघ्याने मोडतो.

म्हणून विनंती एवढीच. सुऱ्याचे आणि रंगाचे पैसे वाचवून ते शिकवणीत घाला. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्थाच आहे. बोट ठरवताना तीन गोष्टी विचारा: एका मार्गदर्शकामागे माणसं किती, रेग्युलेटरची सर्व्हिसिंग कधी झाली, आणि बोटीवर ऑक्सिजन आहे का. पाठीवर नसलेला तो खराखुरा ऑक्सिजन अपघातात पहिला उपचार असतो, म्हणून तो बोटीवर हवाच. उत्तर देताना समोरचा अडखळला, तर दर कितीही कमी असला तरी परत फिरा आणि सोलकढी प्या. उत्तरं नीट मिळाली तर खुशाल उतरा, सावकाश श्वास घ्या, तो रोखू नका. थुंकी मात्र आपापली आणावी.