तारा बदलायच्या आहेत

गिटार वाजवणाऱ्याला आमच्या घरात मान नाही. तारा बदलणाऱ्याला आहे. वाजवायला बसलो की ज्याला-त्याला कामं आठवतात. तारा काढायला घेतल्या की मात्र अख्खं घर गोळा होतं. कारण ते काम दुरुस्तीसारखं दिसतं, आणि दुरुस्तीत मत नसेल तर तो नागपूरकर कसला!

मुळात तारा कोणत्या घ्यायच्या? सीताबर्डीत दुकानदार विचारतो, "दस का दूं, कि बारा का?" हा भाव नव्हे, पहिल्या तारेची जाडी. इंचाचे हजार भाग केले, तर त्यातले दहा किंवा बारा. दहाचा सेट बोटांवर दया करतो. बाराचा आवाज भरदार, पण बोटांना घट्टे पडेपर्यंत पिच्छा सोडत नाही. मग धातू. एका 'ब्राँझ'मध्ये 80 टक्के तांबं आणि 20 टक्के जस्त असतं. आमच्या आईला विचाराल तर ती त्याला सरळ पितळ म्हणेल, आणि तिचंच बरोबर आहे. दुसऱ्या ब्राँझमध्ये कथिल आणि चिमूटभर फॉस्फरस. आवाज थोडा मऊ, टिकायला बरा.

टिकणार किती, हे मात्र मे महिना ठरवतो. बाहेर पारा 45च्या घरात, आत कूलरची ओली हवा, हाताला घाम, आणि रविवारी बोटांना सावजीचा रस्सा. एवढं झेलून जी तार गंजत नाही, ती अजून कुणी बनवलेली नाही.

तारा मी एकेक करून बदलतो, म्हणजे मानेवरचा ताण एकदम उतरत नाही. आई जुन्या तारा मधुमालतीचा वेल बांधायला राखून ठेवते. काकाजी पक्कड घेऊनच येतात. "पिळ ना बावा, ढिली दिसून राहिली!"

"काकाजी, सहा तारा मिळून सत्तर किलोच्या आसपास ओढ असते."

"सत्तर? म्हणजे दीड पोतं गहू?" असं म्हणून ते दोन पावलं मागे सरकले. गिटारविषयी त्यांना वाटलेला हा पहिला आदर.

नव्या तारा ताणून बसेपर्यंत सूर सारखा उतरतो. मी खुंट्या पिळत होतो, टंग टंग चाललं होतं. 1971 साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंडित रविशंकरांनी नुसती सतार जुळवली, तर श्रोत्यांनी टाळ्या दिल्या होत्या. आमच्याकडेही सूर जुळला आणि काकाजींनी टाळी दिली.

"मस्त झालं काम! आता खोळीत घालून ठेव. वाजवशील तर पुन्हा तुटन."