बहिष्काराची धुलाई

२०१९च्या होळीआधी सर्फ एक्सेलच्या जाहिरातीवरून काही मंडळींचं पित्त खवळलं. मित्राला रंगांपासून वाचवत सायकलवरून मशिदीपर्यंत सोडणारी चिमुरडी त्यांना खपेना. बहिष्कार पुकारला गेला. त्या तिरमिरीत काहींनी मोबाइलवर मायक्रोसॉफ्ट एक्सेललाच एक तारा देऊन टाकला. बिचारं हिशेबाचं सॉफ्टवेअर. त्यानं जन्मात कुणाचा बनियन धुतलेला नाही!

त्यांच्याहून शहाणे असतात ते वाण्याकडे जातात. ‘सर्फ नको, रिन द्या,’ असं ठणकावतात. सोबत व्हिमची वडी, लाइफबॉय, ब्रुक बाँडचा पुडा. सगळा माल हिंदुस्तान युनिलिव्हरचाच. वाणी मुकाट्यानं पिशवी भरतो. जाहिरात आवडली म्हणून मुद्दाम सर्फ घेणाऱ्यांचे पैसेही त्याच कंपनीच्या गल्ल्यात. वर पुरोगामीपणाचा सॅशे फुकट.