बसक्या गाडीचे बालबोध धडे

गाडी लो करून घेतल्याबद्दल अभिनंदन. मागच्या काचेवर ‘नाद खुळा’ लावून झालं असेल, टायर आणि मडगार्डच्या मध्ये आता दोन बोटंही जात नसतील, आणि कट्ट्यासमोर उभी असली की गाडी दिसतेही झकास. अडचण एवढीच, की तिला अधूनमधून चालवावी लागते. मागे दोन माणसं बसली आणि गतिरोधक आला की डिकीखालून ‘धाड्’ असा आवाज येतो. त्यावर तुम्ही आजवर गाण्याचा आवाज वाढवत आला आहात. उपाय स्वस्त आहे, पण अभ्यासक्रमात नाही.

साहित्य : जॅक, दोन भक्कम स्टँड, पाने, मोजपट्टी, दोन केबल टाय. स्टँडऐवजी विटा लावू नयेत. वीट सांगून फुटत नाही, आणि ती फुटते तेव्हा खाली नेमके आपणच असतो.

धडा पहिला : आपटतंय काय ते बघणे

नवशिक्याचा शिरस्ता असा, की आधी पार्ट बदलायचा आणि मग बिघाड शोधायचा. आपण उलटं करू. मागून येणाऱ्या आवाजाचे संशयित साधारण तीन. टायर आतल्या अस्तराला घासत असेल तर तिथे चकचकीत पट्टा उमटलेला दिसेल. सायलेन्सर आपटत असेल तर त्याच्या पोटावर ओरखडे असतील. तिसरा आणि सराईत संशयित म्हणजे बंपस्टॉप. शॉकअपच्या दांड्यावर, काही गाड्यांत स्प्रिंगच्या पोटात बसवलेला हा रबरासारखा तुकडा. सस्पेन्शनची चाल संपली की चाक त्याच्यावर येऊन टेकतं.

टेकतंय की नाही, हे केबल टाय सांगतो. शॉकअपवरचं धुळीचं कव्हर वर सरकवा, दांड्यावर टाय ओढून बसवा आणि तो नळकांड्याच्या तोंडाशी आणून ठेवा. नेहमीच्या रस्त्यावर एक चक्कर मारा. दांडा जेवढा आत गेला तेवढा टाय वर सरकलेला असेल. तो थेट बंपस्टॉपला जाऊन चिकटला असेल तर खटला संपला. ही तपासणी फुकटात होते, म्हणूनच बहुधा कोणी करत नाही.

धडा दुसरा : थोडं गणित, नाइलाजाने

समजा कंपनीच्या उंचीवर तुमच्या चाकाला बंपस्टॉपपर्यंत ८० मिलिमीटर जागा होती. गाडी ४० मिलिमीटरने खाली घेतली, उरली ४०. खड्डा मात्र तोच, धक्काही तोच. स्प्रिंग जेवढी दबते त्याच्या वर्गाच्या प्रमाणात ती धक्का पोटात घेते. म्हणजे निम्म्या जागेत तोच धक्का जिरवायचा तर स्प्रिंग चौपट कडक हवी.

आता मिस्त्रीने काय केलं ते आठवा. ‘काय नाय हुईत, एक वेढा उडवतो,’ म्हणत त्याने ग्राइंडर लावला. स्प्रिंगचे चालू वेढे कमी झाले की त्या प्रमाणात ती कडक होते, इथवर त्याचं बरोबर. पण आठातला एक गेला की कडकपणा वाढतो सुमारे १४ टक्के. हवा होता चौपट, मिळाला सव्वापटही नाही. उरलेला हिशेब बंपस्टॉप चुकता करतो आणि त्याच्या मागोमाग मागच्या सीटवरच्या माणसाचा मणका.

मग चौपट कडक स्प्रिंग टाकायची का? टाका. गाडी आपटणार नाही, आणि तिच्यात कोणी बसणारही नाही.

धडा तिसरा : हे करू नये

हा धडा लांब आहे, कारण बाजारात याच उपायांची चलती आहे.

बंपस्टॉप काढून टाकणे. ‘तोच आपटतोय ना? मग काढा!’ या तर्काने काहीजण दुखणारा दात सोडून दंतवैद्यालाच काढतात. बंपस्टॉप हा स्वतः एक स्प्रिंग आहे. चांगला असेल तर फेसाळ पॉलियुरेथेनचा, सुरुवातीला मऊ आणि दाबत जाल तसा कडक होणारा. तो नसला की लोखंडावर लोखंड येतं, किंवा शॉकअपच्या आतला पिस्टन तळाच्या व्हॉल्व्हवर आदळू लागतो. काही दिवसांत शॉकअप तेल गाळतो, आणि मग ‘कंपनीचा माल हलका’ असं आपणच सांगत फिरतो.

गॅसने स्प्रिंग तापवून बसवणे. स्प्रिंगचं पोलाद कारखान्यात पाणी देऊन मुद्दाम कडक केलेलं असतं. लालबुंद तापवलं की ते पाणी उतरतं. गाडी त्या दिवशी हवी तेवढी बसते आणि नंतर नको तेवढी बसत राहते.

वेढ्यांमध्ये रबरी बफर घालणे. आधी पैसे देऊन वेढा कापायचा, मग पैसे देऊन उरलेल्या वेढ्यांत बूच मारायचं. मागची बाजू थोडी उचलली जाते हे खरं. पण बफर जिथे असतो तिथला वेढा काम थांबवतो आणि त्याचा ताण शेजारच्यांवर जातो. दुकानदार मात्र दोन्ही वेळा खूष.

जुना शॉकअप तसाच ठेवून फक्त स्प्रिंग आखूड करणे. हे तर सर्रास चालतं. शॉकअप गाडीचं वजन उचलत नाही, तो फक्त हेलकावे आवरतो. पण त्याची लांबी मूळच्या उंचीसाठी ठरवलेली असते. गाडी खाली आली की तो कायम निम्मा मिटलेला राहतो. जॅक लावून चाक लोंबलं तर उलटाच प्रकार, कापलेली स्प्रिंग सैल होऊन खोबणीतून सुटू शकते. ती हाताने हलते का, हे एकदा बघाच.

धडा चौथा : डिकी उघडणे

सबवूफरचा प्लायवूडचा खोका. स्टेपनी. गावाकडचं तांदळाचं पोतं. आणि गाडी सीएनजी असेल तर साठ लिटरची लोखंडी टाकी, जी रिकामी असतानाच पन्नास-साठ किलोंच्या घरात जाते. म्हणजे मागे कोणी नसतानाही मागे कोणीतरी आहेच. टाकीचं काही करता येणार नाही. खोका मात्र आजच उतरवा. निम्म्या गाड्यांची तक्रार इथेच निम्मी होते, असं माझं मत.

धडा पाचवा : करायचं ते

थोडी उंची परत द्या. चाळीसऐवजी वीस-पंचवीस मिलिमीटरच खाली आणणाऱ्या, तुमच्या मॉडेलसाठी बनवलेल्या स्प्रिंगा मिळतात. त्याच घ्या, आणि सोबत आखूड शॉकअप. दोन्ही बाजूंना एकदमच. बंपस्टॉप कापायला स्प्रिंग बनवणाऱ्याने सांगितलं असेल तरच कापा, सांगितलं तेवढाच कापा, आणि निमुळतं टोक शक्यतो राखा, कारण मऊपणा त्या टोकात असतो.

स्विफ्टसारख्या गाडीत मागे टॉर्शन बीम असतो. त्याचे बोल्ट सैल केले असतील तर गाडी हवेत असताना ते फक्त हाताने लावा. शेवटची आवळणी चाकं जमिनीवर आल्यावर. नाहीतर बुशचं रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि लवकर फाटतं. गॅरेजमध्ये घाईत ही पायरी गाळतात, तेव्हा शेजारी उभे राहा. शेवटी हेडलाइटचा झोत तपासून घ्या, मागची उंची बदलली की तोही हलतो.

चाचणीला गतिरोधक लागेल. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मानकाच्या १९८८ च्या आवृत्तीत तो ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि २५ च्या वेगाने सहज ओलांडता येईल असा गोलसर सांगितला होता. तो शोधण्यात दिवस घालवू नका. मंडळाच्या पोरांनी उरलेल्या डांबरातून रातोरात घातलेला जो आहे, त्यावरून जा. मागे तीन धडधाकट माणसं बसवून, हळू. टाय बंपस्टॉपच्या बोटभर अलीकडे थांबला तर जमलं. तरीही चिकटत असेल तर मूळच्या स्प्रिंगा शोधा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मधले गाडीतल्या फेरफारांचे नियम आणि कलम १८२ अ मधला दंड वाचलात तर शोधण्याचा उत्साह वाढेल.

आणि कापलेल्या स्प्रिंगा कट्ट्यावरचं एखादं पोरगं मागायला येईल. त्याला देऊ नका, किलोवर भंगारात घाला. फक्त त्या डिकीत टाकून नेऊ नका. आत्ताच रिकामी केली आहे.