शिडाला बारा इंची पडदा

बीडपासून समुद्र किती लांब, हे बीडकराला विचारू नये. अहमदनगर-बीड-परळी रेल्वे मंजूर झाली १९९५च्या सुमारास आणि बीडहून पहिली प्रवासी गाडी सुटली १७ सप्टेंबर २०२५ला. या चालीनं समुद्र यायला अजून अवकाश आहे. आम्हाला घाई नाही.

तरीही सध्या आमच्या घरात एकच विषय आहे: शिडाच्या होडीला चार्टप्लॉटर कोणता बसवावा? कारण मावसभाऊ. हा गडी माजलगावच्या धरणात पोहायला शिकला, नोकरीपायी मुंबईला गेला, गेटवेसमोर शिडाच्या होड्या पाहून खुळावला आणि चौघांत मिळून एक जुनी होडी घेऊन बसला. होडी सव्वीस फुटी. शीड इतकं जुनं की त्याला ठिगळं लावून पुन्हा ठिगळांना ठिगळं लावलीत. त्याबद्दल त्याची काही तक्रार नाही. त्याचा प्रश्न वेगळा आहे.

‘‘दादा, नऊ इंची घेऊ का बारा इंची?’’

टीव्ही घेताना आपण जो प्रश्न विचारतो तोच.

चार्टप्लॉटर म्हणजे समुद्राचा नकाशा दाखवणारा पडदा. उपग्रहांकडून जागा कळते आणि नकाशावर आपल्या होडीचं बाहुलं सरकत राहतं. त्याला खोली मोजणारं यंत्र, वाऱ्याचं यंत्र, रडार, स्वयंचलित सुकाणू असं बाकीचं बिऱ्हाड जोडता येतं. दुकानदार ते सगळं जोडूनच दाखवतो. घरी आल्यावर कळतं की डब्यात पडदा तेवढा आहे.

मावसभावानं माहितीपत्रकांचा ढीग व्हॉट्सअपवर धाडला. लग्नाची स्थळं पाहावीत तसं मी ते सगळं वाचलं. एक गोष्ट लगेच लक्षात आली. बी अँड जी, सिमरॅड आणि लॉरन्स अशी तीन दुकानं बाजारात समोरासमोर उभी आहेत. एक शीडवाल्यांचं, एक मोटारबोटवाल्यांचं, एक मासे पकडणाऱ्यांचं. गल्ला एकच. तिन्ही नॅव्हिकोच्या घरातली, आणि ते घर २०२१मध्ये अमेरिकेच्या ब्रन्सविकनं विकत घेतलं. गार्मिन या आणखी एका पडदेवालीनं त्याआधीच, २०१७मध्ये, नॅव्हिऑनिक्स ही नकाशेवालीच खिशात घातली होती. म्हणजे पडदा घेताना पडद्याचा दर विचारून भागत नाही. पुढची दहा वर्षं नकाशे कुणाकडून घ्यायचे, दरवर्षी ताजे करायला किती मोजायचे आणि उद्या पडदा बदलला तर जुनं नकाशाचं कार्ड चालेल का, हे आधी विचारायचं. जावई पसंत करताना सासूही बघतात, तितकं साधं आहे.

‘‘पण दादा, याच्यात खास शीडवाल्यांसाठी सोय आहे. कुठं वळायचं ते रेघ मारून दाखवतंय!’’

खरं आहे. शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जात नाही. तिला नागमोडी चढावं लागतं. कुठल्या क्षणी वळलं की पुढच्या टप्प्यात नेमकं ठिकाण गाठता येईल, ते या रेघा दाखवतात. फार उपयोगी. मात्र त्यासाठी डोलकाठीच्या टोकावर वाऱ्याचं यंत्र लागतं, पोटाखाली पाण्यातला वेग मोजणारं चाक लागतं आणि होडीचं तोंड कुठं आहे ते सांगणारं विजेचं होकायंत्र लागतं. त्या चाकावर शेवाळ आणि शंख धरले की ते फिरायचं थांबतं, आणि मग रेघ आपल्या मनानं कुठंही जाते. मावसभावाकडे यातलं काहीच नाही. वाऱ्यासाठी शिडाच्या दोरीला बांधलेली लोकरीची दोरी आहे. ती मात्र बॅटरी खात नाही आणि आजवर खोटं बोललेली नाही.

बॅटरीवरून आठवलं. मोटारबोटीचं इंजिन सतत चालू, वीज फुकट. शिडाच्या होडीचं इंजिन बंद ठेवण्यातच तर मजा. मग बारा इंची पडदा भर उन्हात दिसावा म्हणून पूर्ण उजेडावर ठेवायचा, वर स्वयंचलित सुकाणू चालवायचं, आणि संध्याकाळी इंजिन सुरू करायला बॅटरीत जीव नाही. लोडशेडिंगचा एवढा अनुभव असलेल्या जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं, याचं मला वाईट वाटलं.

आणि बोटानं चालणारा पडदा! खारं पाणी उडालं की थेंबच त्यावर बोट ठेवतात. तुम्ही पाहताय मांडव्याचा धक्का, थेंबानं उघडलंय भाषा निवडण्याचं पान. हात ओले, होडी कललेली, एका हातात दोरी. अशा वेळी खाली दोन-चार खरी बटणं असलेला पडदा देवासारखा वाटतो. माहितीपत्रकात बटणांचा फोटो सगळ्यात लहान छापलेला असतो.

आता कुणी म्हणेल, बीडवाल्यानं हे शहाणपण का शिकवावं? तर बीडमध्ये बोटी नाहीत हा गैरसमज आहे. गेवराईच्या अंगाला गोदावरीत वाळू उपसणाऱ्या बोटी असतात. महसूल खातं त्या पकडतं आणि जिलेटिन लावून उडवतं. या बोटींना चार्टप्लॉटर लागत नाही. मोठ्या जहाजांना एआयएस नावाची व्यवस्था असते. आसपास दुसरं कोण आहे, किती वेगानं येतंय, हे ती कळवते. आमच्याकडचं एआयएस तहसील कचेरीसमोरच्या टपरीवर चहा पीत उभं असतं. साहेबांची गाडी फाटकातून निघाली की फोन वाजतो. दोन्हींत फरक एवढाच की आमच्याकडच्याला परवाना लागत नाही.

जीपीएसचंही आम्हाला कौतुक सांगू नका. दुष्काळात पाण्याच्या टँकरला जीपीएस बसवण्याची सरकारी अट आहे. टँकर कुठून निघाला, कुठल्या वाडीवर गेला, कधी परतला, सगळं पडद्यावर दिसतं. टँकरमध्ये पाणी किती होतं, ते दिसत नाही. बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही बाईला विचारा, हंडा घेऊन रांगेत उभं राहिल्यावर तिला टँकरचे अक्षांश-रेखांश नको असतात.

समुद्रातही दुखणं हेच. यंत्र सांगतं तू कुठं आहेस. खाली काय आहे, हे ते स्वतः पाहत नाही. कुणी तरी कधी तरी पाहून ठेवलेलं दाखवतं. २९ नोव्हेंबर २०१४ची गोष्ट. व्होल्वो ओशन रेसमधली टीम वेस्टास विंडची होडी केपटाऊनहून अबुधाबीला निघालेली. वेस्टास म्हणजे डेन्मार्कची पवनचक्कीवाली कंपनी. जगातले निवडक खलाशी, पैशाला तोटा नाही, यंत्रं एकाहून एक. आणि मॉरिशसच्या उत्तरेला कार्गादोस काराजोस नावाच्या प्रवाळखडकांवर ही होडी रात्री भरधाव जाऊन बसली. खडक नकाशात होते. फक्त नकाशा दुरून पाहिला की पडद्यावरून गायब होत होते आणि जवळ आणला की दिसत होते. जवळ आणून नीट पाहायचं राहून गेलं. माणसं सुखरूप सुटली, एवढं नशीब.

तेव्हा पडदा बारा इंची असो की भिंतीएवढा, बोटांनी नकाशा जवळ ओढून संपूर्ण वाटेवरून एकदा हात फिरवायचा, तोही बंदरात बसून, निघायच्या आदल्या दिवशी. याला पैसे पडत नाहीत, म्हणून माहितीपत्रकात हे नसतं.

नकाशे करतं कोण, हेही ऐका. भारताच्या समुद्राचे अधिकृत नकाशे करणारं नौदलाचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय आहे डेहराडूनला. हिमालयाच्या पायथ्याशी! १९५४पासून ते तिथंच आहे. हे समजल्यापासून माझा न्यूनगंड गेला. डेहराडूनला बसून समुद्राचा नकाशा निघतो, तर बीडला बसून सल्ला का निघू नये?

आणि आमचा वारसा तर त्याहून जुना. भास्कराचार्यांनी आपलं गाव विज्जडविड म्हणून सांगितलंय; ते बीडच, असं छातीठोकपणे सांगणारे गावात पुष्कळ आहेत. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीचा शिलालेख चाळीसगावकरांच्या बाजूनं बोलतो, तो भाग आम्ही जरा हळू आवाजात वाचतो. ते कुठलेही असोत, ११५०च्या सिद्धांतशिरोमणीत त्यांनी यंत्रांवर एक अख्खा अध्याय लिहिला. गोल, शंकू, घटी, चक्र, फलक अशी दहा यंत्रं मोजली आणि दहावं, त्यांच्या मते सगळ्यांत खरं, ठेवलं बुद्धीचं. हातात नुसती काठी असली आणि डोकं असलं की उंची, अंतर, ग्रहतारे सगळं मोजता येतं, असा त्यांचा रोख. हे मी मावसभावाला सांगितलं. तो म्हणाला, ‘‘दादा, त्याला ब्लूटूथ आहे का?’’

उलट टोकही मला मान्य नाही. काठी घ्या, यंत्रं फेका, असं म्हणणारे शूर लोक बहुधा किनाऱ्यावर राहतात. १९६८-६९मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन एकटा, कुठंही न थांबता जगाला फेरी मारून आला; त्याची सुहैली ही बत्तीस फुटी होडी मुंबईत सागवानात बांधलेली. उपग्रहांची मदत नव्हतीच, सेक्स्टंटनं सूर्यतारे मोजत ३१२ दिवसांत तो परत आला. त्याच शर्यतीत उतरलेले बाकीचे आठ जण पोचले नाहीत, हेही त्याच गोष्टीत येतं. त्या फेरीच्या स्मरणार्थ २०१८मध्ये जुन्याच पद्धतीनं, जीपीएसशिवाय शर्यत झाली. आपल्या नौदलाचा अभिलाष टॉमी त्यात सुहैलीच्या नमुन्यावर गोव्यात बांधलेली थुरिया घेऊन उतरला. सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरात वादळानं होडी उलथली, डोलकाठी मोडली, पाठ जायबंदी झाली. तारे मोजून तिथवर गेलेल्या माणसाला वाचवलं ते उपग्रहावरून गेलेल्या संदेशानं आणि शोधायला गेलेल्या विमानांनी. पुढं त्याच शर्यतीत तो पुन्हा उतरला आणि एप्रिल २०२३मध्ये दुसरा आला.

आपले मराठी कमांडर दिलीप दोंदेही काठी घेऊन गेले नव्हते. ऑगस्ट २००९ला मुंबईहून निघून मे २०१०मध्ये ते मुंबईलाच परतले. शिडाच्या होडीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. त्यांची म्हादेई गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधली. होडी बांधताना दोंदे स्वतः राबले होते. कुठली तार कुठून कुठं गेलीय, हे ज्याला ठाऊक आहे त्यानं हवी तेवढी यंत्रं लावावीत.

मावसभावाला स्वतःच्या घराचा फ्यूज बदलता येत नाही. आणि हल्लीची ही सगळी यंत्रं एका मुख्य तारेवर टांगलेली असतात. एनएमईए २००० म्हणतात त्या पद्धतीला. त्या तारेच्या दोन्ही टोकांना छोटे रोधक लावावे लागतात. ते विसरले की लाखभराचा पडदा आणि त्याच्या शेजारचं खोलीचं यंत्र एकमेकांकडे भाऊबंदकीतल्या भावांसारखे पाठ करून बसतात. कंपन्यांनी आपापले प्लग वेगळे ठेवून त्यात भर घातलीय.

एक इशारा मात्र गंभीरपणे. उपग्रह फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं हातातलं यंत्र परदेशातून कुणी भेट आणलं तर ‘वा वा’ म्हणून घेऊ नका. आपल्याकडे ते परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे. डिसेंबर २०२४मध्ये गोव्याच्या विमानतळावर परदेशी पाहुण्यांना एवढ्यावरूनच पोलिसांनी धरलं. व्हीएचएफ रेडिओलाही परवाना काढावा लागतो. तो काढा. कागदं घालताना कंटाळा येईल, पण बुडताना सोळा नंबरच्या चॅनलवर हाक मारता येते. किनाऱ्याजवळ मोबाईलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा नंबर १५५४.

तर मावसभावासाठी आणि त्याच्यासारख्या होतकरू दर्यावर्दींसाठी आमच्या बंदराचा निकाल असा. आधी खोलीचं यंत्र. मुंबईच्या पाण्यात मोठ्या भरती-ओहोटीत चार मीटरचा फरक पडतो; सकाळी जिथून आलात तिथं दुपारी चिखल असतो. ते यंत्र खोली पाण्याच्या पृष्ठापासून दाखवतंय की होडीच्या तळापासून, हे पहिल्याच दिवशी ठरवून लिहून ठेवा. चौघांत होडी आहे, चौघांचा समज चार प्रकारचा निघेल. मग रेडिओ. मग सात इंची, बटणवाला, एकच पडदा. शेजारी डेहराडूनचा कागदी नकाशा आणि चांगलं होकायंत्र. रडारची चैन सव्वीस फुटी होडीला शोभत नाही.

आणि उरलेल्या पैशांचं नवीन शीड घे, लेका. पोट सुटलेल्या जुन्या शिडावर होडी वाऱ्याच्या तोंडाला चढत नाही. मग पडदा सात इंची असो की बारा.