मी काहीच केलं नाही!

ऑक्टोबर २०२५मध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० वरून हात काढून घेतला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, ती नाही म्हणून धडधाकट लॅपटॉप एका रात्रीत भंगारात निघाले. मग घरोघरी भाचे पेन ड्राइव्ह घेऊन आले, लिनक्स मिंट टाकलं, चहा पिऊन गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांचे फोन वाजताहेत.

"वायफाय चालत नाही रे."

"कार्ड कुठलं आहे, मामा?"

"काळा लॅपटॉप आहे."

टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय -के' एवढं टाकलं की कार्डाचं नाव, कंपनी आणि त्याला ड्रायव्हर मिळालाय की नाही, सगळं समोर येतं. ब्रॉडकॉमचं कार्ड असेल तर बहुधा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागेल, पाच मिनिटांचं काम. पण नवशिक्या ते करत नाही. तो डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा अवतारच, बदलतो. मिंट जमेना म्हणून फेडोरा, फेडोरा जमेना म्हणून मांजारो. घराण्याचा दोष असल्यासारखं कार्ड सगळीकडे सोबत येतं. त्यात एखादा दाढीवाला सल्लागार भेटतोच, जो निवृत्त माणसाला सांगतो, "काका, आर्च टाका!" काकांना फक्त लाइट बिल भरायचं असतं.

दोष नवशिक्याचा नाही म्हणा, सवयीचा आहे. 'काहीतरी चुकलं' एवढंच सांगणाऱ्या खिडक्या 'ओके' दाबून बंद करण्यात आपली उमर गेली. लिनक्स काय चुकलं ते सांगतं, कधी कधी पानभर सांगतं, आणि आपण त्याचा फोटो काढून भाच्याला पाठवतो. तोही तिरका, नेमकी शेवटची ओळ कापलेला.

सन २०२१. लिनस सेबॅस्टियन हा कॅनडातला बडा यूट्यूबर (लिनक्स लिहिणारा लिनस तो नव्हे) पॉप ओएस या डिस्ट्रोवर स्टीम हे गेम्सचं ॲप टाकायला बसला. प्रोग्राम टाकणाऱ्या-काढणाऱ्या 'ॲप्ट'नं काय काय काढून टाकणार याची लांबलचक यादी दाखवली. त्यात त्याचा अख्खा डेस्कटॉप होता. हे घातक ठरू शकतं, असं बजावलं. पुढे जायचं तर 'येस, डू ॲज आय से!' हे वाक्य हातानं टाइप करायला लावलं. गड्यानं केलं. डेस्कटॉप गेला, काळा पडदा राहिला. पॅकेज बांधणाऱ्यांचीही त्यात चूक होती, आणि पुढे 'ॲप्ट'वाल्यांनी वाक्य टाइप करून पुढे जायची पळवाटच बंद केली. पण अख्खं वाक्य टाइप करणाऱ्यानं वरची यादी वाचली नाही, ही कमाल कुठल्याही प्रोग्रामरच्या आवाक्याबाहेरची.

तेव्हा कुठूनतरी उचललेल्या आज्ञेपुढे 'सुडो', म्हणजे सर्वाधिकाराचा शिक्का, दिसला की आधी ती काय करते ते बघा. उबुंटू १४.०४साठी कुणी लिहिलेली आज्ञा आजच्या मशीनवर ठोकू नका. यंत्र मध्येच गोठलं तर पुन्हा सुरू करून 'जर्नलसीटीएल -बी -१' द्या, मागच्या सत्रात काय झालं ते बहुतेक डिस्ट्रोंत सापडतं. डेबियनच्या टर्मिनलमध्ये पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही. कीबोर्ड गेला म्हणून दुकानात धावू नका. मिंटवर असाल तर पहिल्याच दिवशी टाइमशिफ्ट लावून ठेवा, म्हणजे मोडलं तरी कालच्या अवस्थेत परत जाता येतं.

आणि मदत मागताना "मी काहीच केलं नाही, आपोआपच बंद पडलं" हे वाक्य मात्र टाळा. 'वार-लॉग-ॲप्ट' या फोल्डरात 'हिस्टरी' नावाची फाइल असते. तिच्यात तारीख, वेळ आणि दिलेली आज्ञा शब्दशः नोंदलेली असते. जाणकार माणूस पहिल्यांदा तीच उघडतो. आणि मिंटची निम्मी अवजारं ज्यावर चालतात ते पायथन, 'फुकट जागा खातंय' म्हणून, काल रात्री पावणेबारा वाजता कुणीतरी काढून टाकलेलं असतं.