झेंडा त्यांचा, ठेका आमचा

दुसऱ्याच्या घरची वरात आणि दुसऱ्या देशाची देशभक्ती, दोन्ही जरा लांबूनच बऱ्या. आपल्या वेळी ऊर भरून येतो, त्यांच्या वेळी कान भरून येतात. ‘यांकी डूडल डँडी’ हा १९४२चा अमेरिकी चित्रपट मी अशाच कोरड्या मनाने लावला. बायकोने विचारलं, “लढाईचा आहे का?” म्हटलं, “नाही, नाचगाण्यांचा.” “मग देशभक्तीचा कसा?” या प्रश्नाचं उत्तर द्यायला दिग्दर्शक मायकेल कर्टिझला दोन तास लागतात.

ही गोष्ट जॉर्ज एम. कोहॅनची. आई, वडील, बहीण आणि हा, अशी ‘द फोर कोहॅन्स’ नावाची घरचीच नाटक कंपनी. पोरगं तालमींतच वाढलं. मग त्याने नाटकं लिहिली, गाणी रचली, स्वतःच नाचला आणि ब्रॉडवे गाजवला. १९१७मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हा त्याने केलेलं ‘ओव्हर देअर’ हे गाणं देशभर घुमलं.

चित्रपटात कोहॅन व्हाइट हाउसमध्ये जातो आणि थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना जन्मापासूनची हकिगत ऐकवतो. आमच्याकडे तलाठी भेटत नाही, आणि इथे राष्ट्राध्यक्ष आख्खं चरित्र ऐकून घेतात! ते आपल्याला पाठमोरेच दिसतात. जांभई लपवायला याहून चांगली सोय नाही.

आता चरित्राचा खरेपणा. कोहॅन स्वतःचा जन्म ४ जुलैचा, म्हणजे ऐन अमेरिकी स्वातंत्र्यदिनाचा, सांगायचा. बाप्तिस्म्याचा दाखला ३ जुलै म्हणतो. शाळेत नाव घालताना गावच्या गाव १ जूनला जन्माला घालणाऱ्या आपल्या समाजाला यात वावगं वाटायचं कारण नाही. त्याची लग्नं झाली दोन. चित्रपटाने काटकसर करून एकीवरच भागवलं. १९१९मध्ये नटांनी संप केला तेव्हा हा गडी निर्मात्यांच्या बाजूने उभा राहिला. पडद्यावर त्या संपाचा मागमूस नाही. कोहॅनच्या आईचं काम करणारी रोझमेरी डिकँप तर पडद्यावरच्या लेकापेक्षा वयाने दहा-अकरा वर्षांनी लहान. बायको हसायला लागली, तेव्हा मी तिला ‘मदर इंडिया’ची आठवण करून दिली. नर्गिस आणि सुनील दत्त, दोघांचा जन्म जून १९२९चा. आई पाच दिवसांनी मोठी.

पण हे सगळे हिशेब कोहॅन झालेला जेम्स कॅग्नी नाचायला लागेपर्यंतच. हा माणूस तोवर गुंडांच्या भूमिकांसाठी प्रसिद्ध. १९३१च्या ‘द पब्लिक एनिमी’मध्ये त्याने नाश्त्याच्या टेबलावर बाईच्या तोंडावर अर्धं ग्रेपफ्रूट दाबलं होतं. इथे तोच नट कमरेच्या वर इस्त्री केल्यासारखा ताठ, आणि खाली पाय मात्र कुणा दुसऱ्याचेच असावेत तसे सुटलेले. १९४०मध्ये त्याच्यावर कम्युनिस्ट असल्याचा आरोप झाला होता. त्यातून तो सुटला, पण देशप्रेमाचं प्रमाणपत्र गाठीशी असलेलं बरं. या चित्रपटाच्या निर्मितीत त्याचा सख्खा भाऊ होता. त्या प्रमाणपत्रावर पुढे ऑस्करचा शिक्काही बसला.

झेंड्याच्या गाण्यात तर पडद्यावर इतके झेंडे येतात की मी मोजायचा नाद सोडला. सिनेमाआधी राष्ट्रगीताला उभं राहायची आपली सवय. त्यामुळे स्वतःच्याच सोफ्यावर बसून राहणंसुद्धा अपराधी वाटायला लागलं. बायको म्हणाली, “उठलाच आहात तर गॅस बंद करून या.”

शेवटी पदक घेऊन कोहॅन व्हाइट हाउसचा जिना उतरतो. पहिल्या पायऱ्या शहाण्यासारख्या, मग एकदम टॅप. टकटक, टकाटक, हात सैल, तोंडावर कसलाही आव नाही. ही करामत म्हणे कॅग्नीला ऐनवेळी सुचली. देशाबद्दल एक शब्द न बोलणारा एवढा एकच तुकडा, पण सगळ्या झेंड्यांना भारी पडतो. आनंदाने भरलेला माणूस कुठल्याही देशाचा असो, तो कळतोच.

तेव्हा मंडळी, हा चित्रपट चरित्र म्हणून बघू नका, फसाल. संगीत नाटक म्हणून बघा आणि जिन्यापर्यंत थांबा. मनाने कितीही तटस्थ राहा, पायांची मात्र हमी देऊ नका.