अंगणाचा मुकादम

बीड शहराच्या दक्षिणेला, सोलापूर–धुळे महामार्गावर आणि बिंदुसरा प्रकल्पालगत वसलेल्या पालीसारख्या गावांत फाल्गुन लागला, पानगळीने अंगणे भरली आणि कडुलिंबाला मोहर दिसू लागला, की घरोघरच्या ओट्यांवर एक मनुष्यविशेष प्रकट होतो, ज्याला 'अंगणाचा मुकादम' म्हणणे सयुक्तिक ठरेल. ऊसतोडीच्या व्यवहारात मुकादम म्हणजे साखर कारखाना आणि मजूर यांच्यामधला दुवा; तो कारखान्याकडून पैसे घेऊन मजुरांना 'उचल', म्हणजे हंगामापूर्वीची आगाऊ रक्कम, वाटतो, 'कोयते' म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या मोजतो, टोळी फडावर नेतो आणि स्वतः मात्र सहसा ऊस तोडत नाही. अंगणाच्या मुकादमाने यातला शेवटचा गुण तेवढा पूर्णत्वाला नेला आहे. उचल देण्याच्या बाबतीत तो काहीसा मागे आहे.

हा गृहस्थ बहुधा सेवानिवृत्त शिक्षक असतो, क्वचित ग्रामसेवक. गावाच्या दृष्टीने तो 'गुरुजी' आणि पत्नीच्या दृष्टीने, अर्थात, 'अहो'. त्याची सामग्री म्हणजे प्लॅस्टिकची खुर्ची, खांद्यावरचा पंचा आणि वाफ्यातल्या प्रत्येक काडीविषयीचे ठाम मत.

खुरपणीचा मुहूर्त ठरवण्याचा अधिकार तो कोणालाही देत नाही, कारण त्यासाठी 'वाफसा' ओळखावा लागतो. जमीन फार ओली नाही आणि फार कोरडीही नाही, अशा कामाजोग्या अवस्थेला वाफसा म्हणतात. ती ओळखण्यासाठी गुरुजी चिमूटभर नव्हे, चांगली मूठभर माती उचलतात, ती दाबून लाडू वळतात, कमरेइतक्या उंचीवरून सोडतात आणि लाडू पडताच फुटला, तर मान डोलावून "आता चालेल" असे जाहीर करतात. हंगामात त्यांची कंबर वाकते ती एवढ्याच शास्त्रीय प्रयोजनासाठी.

त्यानंतर तणांवर व्याख्यान होते, आणि ते वाईट नसते, हे मान्य केले पाहिजे. बालाघाटाच्या पायथ्याच्या या कोरडवाहू मुलखात होळीच्या सुमारास आजूबाजूचे रान वाळून जाते. न्हाणीचे आणि भांड्यांचे पाणी पिऊन जगणारा मोगऱ्या-शेवंतीचा वाफा तेवढा हिरवा राहतो, म्हणून परिसरातले हरेक तण तिथेच मुक्कामाला येते, हे निरीक्षण गुरुजींचेच आणि बिनचूक आहे. हरळी, जिच्या जुड्या गणेशचतुर्थीला दूर्वा म्हणून पैसे मोजून आणल्या जातात, ती आता शत्रुपक्षात मोडते. लव्हाळा, ज्याच्या नम्रतेचे तुकोबांनी कौतुक केले, त्याच्या जमिनीखालच्या गाठींची साखळी इतकी चिवट असते, की तणांच्या जागतिक यादीत त्याला अग्रस्थान मिळाले आहे. गाजरगवताची नोंद 1950 च्या दशकात पुण्यात झाली आणि त्याला खाणारा मेक्सिकन भुंगा 1984 मध्ये बंगळूरला मोकळा सोडला गेला. पण हा भुंगा पावसाळ्यात काम करतो आणि पुढे जमिनीत दडी मारून बसतो, हे सांगताना गुरुजींच्या आवाजात तुच्छता उमटते. निदान पावसाळ्यात तो काम करतो, याकडे घरातले कोणी त्यांचे लक्ष वेधत नाही.

व्याख्यानानंतर सूचना येते, आणि तिथे शास्त्र जरा घसरते. "कुदळीने खणून काढा, म्हणजे मुळासकट जाईल," असा आदेश सुटतो. वास्तविक हरळीच्या कांडीचा पेर असलेला प्रत्येक तुकडा मातीत राहिला तर नवे रोप धरतो, आणि कुदळ तुकडे करण्यात निष्णात असते. गुरुजींच्या वाफ्यात दरवर्षी काम निघते, ते असे.

प्रत्यक्ष काम करते ती फडावरून नुकतीच परतलेली, रोजाने बोलावलेली बाई, आणि तिच्या जोडीला घरची गृहिणी. दोघी उकिडव्या बसून सरकत जातात, खुरप्याचे टोक लव्हाळ्याच्या गाठीखाली घालून हलकेच उचकतात, माती झटकतात आणि काडी मागे टाकतात. बोलणे लेकीबाळींचे चालते, तणाविषयी एक शब्द निघत नाही. ओट्यावरून खुर्ची अंगणात, अंगणातून वाफ्याच्या बांधावर सरकत येते, आणि मग ती बाई मान वर न करता म्हणते, "गुरुजी, खुर्ची उचला जरा, तुमच्या पायाखालीच हराळी हाय." गुरुजी पाय उचलतात, खुर्ची उचलण्याचे काम अर्थातच तिच्याकडे जाते.

संध्याकाळी तणाचा ढीग उकिरड्याकडे निघतो, पण त्याआधी गृहिणी त्यातून घोळ, म्हणजे मांसल पानांची, आंबुस चवीची आणि ओलावा मिळेल तिथे आपोआप उगवणारी रानभाजी, वेगळी काढून पदरात घेते. रात्री ती मुगाच्या डाळीसोबत भाकरीवर येते. गुरुजी पहिल्याच घासाला दाद देतात, अशी भाजी हल्ली बीडच्या बाजारातही मिळत नाही असा निर्वाळा देतात, आणखी अर्धी भाकरी मागून घेतात आणि हात धुता धुता उद्याच्या कामांची यादी सांगू लागतात, जिच्यात पहिले कलम असते: न्हाणीमागे माजलेल्या घोळीचा समूळ नायनाट.